सिंगापूरचा धक्का आणि डहाणूची खातेवही

क्रूझचे जहाज सिंगापूरच्या मरिना बे धक्क्याला लागले, तेव्हा नवकारशीला अद्याप अवकाश होता. डहाणूचे एक किराणा व्यापारी शेठजी पत्नीसह वरच्या डेकवर उभे राहून पश्चिमेकडे पाहत होते. १९९८ साली व्यापाऱ्यांच्या एका गटाबरोबर ते येथे प्रथम आले होते. टांजोंग पगारच्या किनाऱ्यावर ओळीने उभ्या असलेल्या क्रेन आणि त्यांच्या पायाशी रचलेले कंटेनर, हेच त्यांच्या आठवणीतले सिंगापूर. आता तेथे ती दाटी उरली नव्हती.

टांजोंग पगार हे आग्नेय आशियातील पहिले कंटेनर टर्मिनल १९७२ मध्ये सुरू झाले. तेथील काम २०१७ मध्ये पासीर पांजांगला गेले, आणि आता शहरालगतचे उरलेले बंदरही टप्प्याटप्प्याने बेटाच्या पश्चिम टोकाला, तुआसला हलत आहे. वीस फुटी कंटेनरच्या मापाने तुआसची क्षमता पुढे वर्षाला साडेसहा कोटींवर जाईल. अर्ध्या शतकात बंदराने आपली जागा सोडली. व्यापाऱ्याच्या हिशेबात हा काळ दोन पिढ्यांचाही नाही.

शेठजींचे मन मात्र वाढवणला होते. डहाणूपासून जवळच, वीस मीटर नैसर्गिक खोली लाभलेल्या किनाऱ्यावर ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर होऊ घातले आहे. नऊ कंटेनर टर्मिनल, वर्षाला २ कोटी ३२ लाख कंटेनरची क्षमता. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना, १९९८ मध्ये याच जागेवरील बंदराचा प्रस्ताव नाकारला होता. शेठजी पहिल्यांदा सिंगापुरी आले तेच ते वर्ष. पुढे जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध त्याआधीही होता, नंतरही राहिला.

घरात विषय याहून लहान, पण अधिक निकडीचा होता. मुलाला तलासरीजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत गोदामासाठी जागा घ्यायची होती. “पप्पा, बंदर झाल्यावर ही जागा कोण देईल?” हा त्याचा प्रश्न, आणि तो चुकीचा नव्हता. शेठजी उत्तर टाळत होते. त्यांच्या दुकानात जाळे आणि गळ तीन पिढ्यांत कधी विकले गेले नाहीत. आजोबांनी घेतलेला तो नियम आजही आहे. पण मांगेला आणि कोळी घरांचा तांदूळ, तेल, साखर याच दुकानातून जाते, पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असताना उधारीवर आणि नंतर हंगामात फेड. जे काम आपण करणार नाही त्यावर जगणाऱ्यांची उधारी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, हे कोडे त्यांना कधी नीट सुटले नव्हते. त्यांच्या पत्नींना त्यात कोडे दिसत नसे. त्या म्हणत, “त्यांची मुले जेवतात, एवढे पुरे.”

दुपारी दोघे सिंगापूर नदीकाठी गेले. एकेकाळी या नदीत मालवाहू होड्यांची एवढी गर्दी असे की पाणी दिसत नसे. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षे नदीची स्वच्छता चालली, आणि १९८३ मध्ये होड्या पासीर पांजांगला हलवण्यात आल्या. बोट कीवरील गोदामांत आता उपाहारगृहे आहेत. काठावर हमाल, व्यापारी यांचे ब्राँझचे पुतळे आहेत; तमिळ चेट्टी सावकारही आहे. शेठजी त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. होड्या गेल्या त्या वर्षी होडीवाल्यांना किराणा उधार देणाऱ्याचे काय झाले, असे त्यांनी वाटाड्याला विचारले. तो तरुण हसला; हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

तेथून जलान यासीन येथील सिंगापूर जैन रिलिजियस सोसायटीत दर्शन झाले. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सर्व एकाच छताखाली. परदेशात ते जमते, हे पाहून पत्नींना हसू आले. तेथे एका वृद्ध श्राविकेने ‘पालघर’ नाव ऐकताच सोपारा आठवला. भीषण दुष्काळात सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठींच्या घरी ईश्वरी लाख मोलाच्या शेवटच्या अन्नात विष कालवण्यास निघाली होती, तेवढ्यात आर्य वज्रसेन गोचरीस आले आणि उद्या सुकाळ होईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. पुढे नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली. ते सोपारा म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील नालासोपारा, हे शेठजींनी अभिमानाने सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, “त्या बंदराला आता गलबत लागत नाही.”

विषुववृत्ताजवळ असल्याने येथे बाराही महिने सातच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे चौविहाराची वेळ सांभाळणे सोपे. जहाजावर जैन भोजनाची सोय होती. मात्र वाढपी उशीर करीत, म्हणून पत्नींनी डब्यात खाखरे ठेवलेच होते.

ज्ञानपंचमीला डहाणूत नव्या वहीची सुरुवात झाली. मुलाने तलासरीच्या जागेचा बयाणा दिला. शेठजींनी अडवले नाही. वहीच्या पहिल्या पानावर केशराचा स्वस्तिक काढून झाल्यावर त्यांनी जुनी वही मागवली आणि किनाऱ्यावरच्या घरांची खाती, सर्वांत आधी, स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. दोन घरांच्या बाकीपुढे त्यांनी आकडा लिहिला नाही. मुलाने विचारले तेव्हा म्हणाले, “त्यांच्याकडे यंदा विचारायला जायचे नाही. माल मात्र द्यायचा.”