राजुऱ्याचे वकील आणि आपला कापूस: ॲड. चटपांच्या राजकारणाचा सीमेवरून हिशोब

तलमडुगु, वार्ताहर: आपलं तलमडुगु मंडल बोथ मतदारसंघात येतं. तरीही इथल्या मराठी घरांत विधानसभेच्या निकालाच्या दिवशी एक प्रश्न हमखास निघतो, "राजुऱ्यात चटपांचं काय झालं?" मत इकडे आणि कान तिकडे, ही आपली जुनी सवय.

सवयीला कारण आहे. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातला, आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातला. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला, 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. आजही बेल्याहून कोरपना, गडचांदूर करत राजुऱ्याला निघा, मधे पैनगंगा आडवी येत नाही. सोयरीक तिकडे, बियाणं-खताचा भाव विचारायचा तोही तिकडेच.

ॲड. वामनराव चटप पेशाने वकील, घडले शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत. 1990 आणि 1995 मध्ये जनता दलाकडून, 2004 मध्ये स्वतंत्र भारत पक्षाकडून ते आमदार झाले. 1990 मध्ये संघटनेचे आणखी एक वकील, ॲड. मोरेश्वर टेमुर्डे, वरोरा भागातून निवडून आले आणि पुढे विधानसभेचे उपाध्यक्ष झाले. कोर्टातली माणसं शेतकऱ्यांच्या चळवळीत का लागतात, याचं उत्तर त्या काळच्या कापसात आहे.

महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, बाहेर विकला तर गुन्हा. पैसे हप्त्याहप्त्याने. इकडे आदिलाबादच्या मार्केट यार्डात मात्र व्यापारी रोख मोजायचा. मग व्हायचं तेच झालं, कापूस रात्रीचा सीमा ओलांडू लागला. लहानपणी आम्ही यार्डाबाहेर चंद्रपूर-यवतमाळकडच्या गाड्या पाहायचो. गाडीवान नाक्याचं नाव काढलं की आवाज खाली करायचा. स्वतःच्या शेतातला माल विकणारा चोर कसा, हा संघटनेचा सवाल होता. सवाल कायद्याचाच, म्हणून वकील हवा होता. 2002 च्या सुमारास खासगी खरेदी खुली झाली आणि एकाधिकार संपल्यात जमा झाला.

इथपर्यंत चटपांची बाजू भक्कम. पण पुढचा हिशोब तितका सरळ नाही. संघटना म्हणते बाजार खुला करा. शेतकरी मात्र भाव पडला की सीसीआयच्या दारात उभा राहतो. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये. त्याच ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. अशा वेळी खुला बाजार कोणाला नको असतो ते यार्डात उभं राहिल्यावर कळतं. आयात खुली आणि शेतकरी अडलेला, हा खुलेपणा संघटनेला अभिप्रेत नव्हता हे खरं, पण मतदाराला एवढं समजावत बसायला प्रचारात वेळ कुठे असतो?

दुसरा मुद्दा विदर्भाचा. चटप विदर्भ राज्य आंदोलन समितीचे नेते. फजल अली आयोगाने 1955 मध्ये वेगळा विदर्भही सुचवला होता आणि आपला तेलंगणा भागही आंध्रात लगेच न मिसळता वेगळा ठेवायला सांगितलं होतं. दोन्ही शिफारशी बाजूला पडल्या. आपल्याला 2 जून 2014 ला राज्य मिळालं, त्यांची फाईल तिथेच. इकडे विद्यार्थी, कर्मचारी, वकील, सगळे रस्त्यावर उतरले आणि मागणीमागे एक पक्ष निवडणूक लढवत होता. तिकडे मोठे पक्ष गरजेपुरतं विदर्भाचं नाव घेतात. माझ्या मते चटपांचं खरं अपयश इथे आहे. आंदोलन टिकलं, पण त्याचा पक्ष झाला नाही.

चिन्हंही बदलत गेली. 2014 मध्ये चंद्रपूर लोकसभेला ते आम आदमी पक्षाकडून उभे राहिले, मतं दोन लाखांच्या घरात, जागा तिसरी. 2019 ला विधानसभेत काँग्रेसच्या सुभाष धोटेंनी त्यांना साधारण अडीच हजारांनी हरवलं. 2024 ला भाजपचे देवराव भोंगळे जिंकले, धोटेंशी अंतर तीन हजारांचं आणि तिसऱ्या चटपांकडे पन्नास हजारांवर मतं. ही मतं जातीची गोळाबेरीज किंवा सत्तेची आशा म्हणून पडत नाहीत, एवढं तर विरोधकही मानतील.

त्याच मतदारसंघात जिवतीच्या डोंगरावरची 14 वादग्रस्त गावं आहेत. दोन राज्यांची मतदार ओळखपत्रं, दोन रेशन कार्डं, दोन शाळा. इकडे त्यांचं मंडल केरामेरी. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राने ही गावं आपल्यात घेण्याचं जाहीर केलं. तिथल्या शेतकऱ्याचा कापूस कोणत्या राज्याच्या पट्टा पासबुकावर सीसीआयकडे नोंदवायचा, हा प्रश्न अजून तसाच आहे.