स्क्रू पास, टाकी नापास

एबीबी, सीजी पॉवर यांच्यासारख्या कंपन्यांमुळे नाशिकचे नाव स्विचगिअरच्या नकाशावर ठळक झाले. पण स्विचगिअरच्या पेट्यांना लागणारे स्क्रू, पत्रे आणि क्लॅम्प अनेकदा छोट्या प्लेटिंग शॉपमधून जाऊन येतात. इलेक्ट्रॉनिक्समधून विषारी द्रव्ये हटवण्याची खरी लढाई तिथे आहे.

युरोपचा ‘रोह्स’ कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला. शिसे, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमिनयुक्त दोन अग्निरोधक गट अशा सहा द्रव्यांवर त्याने मर्यादा घातली. कॅडमियमसाठी ०.०१ टक्के, बाकीच्यांसाठी ०.१ टक्के. भारताने हेच आकडे ई-कचरा नियमांत घेतले आणि ते १ मे २०१४ पासून लागू केले.

‘रोह्स’ लागू होण्याआधीच धडा मिळाला होता. २००१ च्या अखेरीस नेदरलँड्सने सोनीच्या प्लेस्टेशनचा मोठा साठा अडवला. कारण? केबलमधले कॅडमियम. चूक पुरवठादाराच्या मालात, नाचक्की कंपनीची.

आता स्क्रूकडे पाहू. जस्ताच्या मुलाम्यावर पिवळसर, इंद्रधनुषी झाक दिसली, की हेक्साव्हॅलंट क्रोमियमची शंका घ्यावी. एक्स-रे यंत्र फक्त एकूण क्रोमियम सांगते; ते घातक रूपातले आहे का, हे सांगत नाही. म्हणून प्रयोगशाळेत स्क्रू पाण्यात उकळतात आणि त्या पाण्यात रसायन घालतात. पाणी जांभळे झाले की माल नापास. जस्तावरच्या या पिवळसर थराला ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा पर्याय बाजारात कधीच आला आहे.

मात्र कायद्याची नजर तयार वस्तूवर असते, टाकीवर नाही. चकचकीत क्रोम प्लेटिंगचेच घ्या. क्रोमिक आम्लाच्या टाकीतून निघालेल्या भागावर शेवटी शुद्ध धातू बसतो, त्यामुळे भाग ‘रोह्स’मध्ये पास होतो. टाकीवरची कर्करोगकारक वाफ मात्र कामगाराच्या छातीत जाते. सांडपाणी नीट प्रक्रिया न करता सोडले, तर ते नाल्यावाटे नंदिनी नदीत आणि टाकळीच्या संगमावरून गोदावरीत. प्रमाणपत्रावर यातले काहीच उमटत नाही.

छोट्या उद्योजकाला नुसते नोटिशीने घाबरवून हे सुटणार नाही. टाकी बदलायची तर नवे रसायन, नवे नियंत्रण आणि नव्या चाचण्या आल्या. दर मात्र खरेदी विभाग जुनाच मागतो. म्हणून बड्या कंपन्यांनी ऑर्डरमध्ये प्रक्रियेचीही अट घालावी आणि तिचा खर्च दरात धरावा. एमआयडीसीने छोट्या कारखान्यांना परवडेल अशी सामाईक चाचणी सोय द्यावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी टाकीपासून सुरू करावी. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गोदाकाठ सजवण्यावर खर्च होतोच आहे. त्यातला थोडा पैसा अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या सांडपाण्यावर लागला, तर स्नानाला येणाऱ्यांचे आणि नाशिककरांचे अधिक भले होईल.