तोंडी शब्दावर किती दिवस राबायचे?

दूरचित्रवाणी मालिकांच्या धंद्यात वर सारे काही लेखी असते. किती भाग, प्रत्येक भागाचे पैसे किती, पुनःप्रक्षेपणाचे हक्क कोणाचे, हे वाहिनी आणि निर्माता वकील बसवून ठरवतात. खाली मात्र दिवे वाहणारा, सेट ठोकणारा, चहा-जेवण पुरवणारा कामगार तोंडी शब्दावर राबतो. कामाचे पैसे नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाजच पडला आहे. मध्येच मालिका बंद पडली आणि निर्मात्याने हात वर केले, तर कामगाराने कोणता कागद दाखवायचा?

१९८१ च्या सिने-कामगार कायद्याने लेखी करार व त्याची नोंदणी सक्तीची केली होती. पण तो कथाचित्रपटांपुरताच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ म्हणून मालिकांचे कामगारही आले. श्रम संहितांना आमचा विरोध कायम आहे. तथापि लेखी कराराचा हा हक्क कामगारांनी बजावून घेतलाच पाहिजे.

रेल्वे-टपाल कामगार बंधू-भगिनींना सेवापुस्तिकेचे मोल सांगायला नको. स्थानकावरील सफाईच्या ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच प्रस्थापित केले. तेच तत्त्व वाहिन्यांना लागू करा, ही आमची मागणी आहे. मालिकेचे हक्क ज्याच्या नावावर, मजुरीची अंतिम जबाबदारीही त्याचीच!