दुरुस्ती झाली, पण पोहोचली नाही

धरणात पाणी आहे म्हणून कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेत भिजतेच असे नाही, हे महाराष्ट्रातील वाचकास निराळे सांगावयास नको. फोनच्या सुरक्षिततेचेही तसेच आहे. चर्चा होते ती दोष शोधणाऱ्याच्या चातुर्याची. दुरुस्तीच्या वितरणाची फारशी होत नाही.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, असतो. त्यातील 'बाइंडर' हा भाग निरनिराळ्या कार्यक्रमांमधील निरोपांची ने-आण करतो. काम संपल्यावर मेमरीतील जागा तो मोकळी करी, परंतु तिचा पत्ता दुसऱ्या एका नोंदीत तसाच राही व पुढे वापरलाही जाई. जुन्या बिऱ्हाडकरूने खोली सोडली, नवा राहावयास आला, तरी जुनी किल्ली चालतेच आहे, असा हा प्रकार. या दोषाला 'यूझ आफ्टर फ्री' म्हणतात. ती किल्ली हाती लागलेला उपद्रवी कार्यक्रम साऱ्या फोनचा धनी होऊ शकतो.

२०१७ च्या अखेरीस 'सिझकॉलर' या स्वयंचलित चाचणी-साधनाने हा दोष दाखविला. २०१८ च्या फेब्रुवारीत मूळ गाभ्यात दुरुस्तीही झाली. ती जेमतेम काही ओळींची: जागा सोडण्यापूर्वी तिच्यावर विसंबलेली नोंद काढून टाकणे. मात्र अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षापत्रकात तिचा उल्लेख आला नाही. २०१९ च्या सप्टेंबरात गूगलच्याच 'प्रोजेक्ट झीरो' गटाच्या मॅडी स्टोन यांनी हा दोष पुन्हा पुढे आणला, तेव्हा त्याचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याची माहिती हाती आली होती. बाधित फोनांच्या यादीत गूगलचा स्वतःचा पिक्सेल २ होता, तसाच भारतात स्वस्त म्हणून खपलेला शाओमीचा रेडमी ५ए देखील होता.

याला निव्वळ विसराळूपणा म्हणणे भाबडेपणाचे होईल. फोन विकला गेला की निर्मात्याचे उत्पन्न बहुतांशी संपते. दुरुस्तीचा खर्च त्याच्या माथी, तर नुकसान मात्र ग्राहकाचे. शिवाय कॅमेरा दुकानात पारखता येतो, तीन वर्षांनंतरची दुरुस्ती पारखता येत नाही. जे दिसत नाही त्याची किंमत कोणी मोजत नाही, आणि जिची किंमत येत नाही ती वस्तू बाजार पुरवीत नाही.

ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांच्या निर्मात्यांवर सुरक्षा-दुरुस्तीची किमान मुदत जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावीच लागते. तिच्या शेजारी ही मुदतही छापावयास लावावी. स्वस्त फोन त्यामुळे थोडे महागतील, हा आक्षेप खरा आहे. पण आज ग्राहक ती रक्कम वाचवितो की केवळ पुढे ढकलतो, हे त्याला निदान ठाऊक तरी होईल.