अंबर लावा, पण नाकाला विचारून

मागच्या मे महिन्यात नगरहून शेवगावला निघाले होते. दुपारचे दोन, एसटी गच्च, आणि मी निघताना मानेवर, मनगटावर, ओढणीवर मिळून सहा-सात फवारे मारलेले. परफ्यूम नवीन होता ना! रीलमध्ये ‘वॉर्म, स्पायसी अंबर’ म्हणून पाहिलेला, तीन महिन्यांचा पॉकेटमनी साठवून मागवलेला. अर्ध्या तासात शेजारच्या मावशींनी पदर नाकाला लावला. “पोरी, काय लावलंस गं? डोकं उठलं माझं.” खरं सांगते, माझंही उठलं होतं.

तर दोस्तहो, चूक परफ्यूमची नव्हती. चूक माझी होती, आणि थोडी त्या रीलची.

आधी हे अंबर म्हणजे काय ते बघू. अंबर हा शब्द मूळ अरबी. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, म्हणजे आपल्या बातम्यांतली ‘व्हेलची उलटी’, ते खरं अंबर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्यामुळे कुणी ‘असली अंबर, स्वस्तात’ म्हणालं तर एकतर तो फसवतोय किंवा तुम्हाला अडकवतोय. बाटलीवर लिहिलेलं अंबर वेगळं असतं. लॅबडॅनम नावाचा झुडपाचा चीक, ऊद आणि व्हॅनिला यांचा मेळ जमवून तो गोडसर, उबदार वास तयार करतात. त्यात दालचिनी, लवंग, वेलची आली की झालं स्पायसी. (गंमत बघा, आपण मराठीत ऊद म्हणतो ते लोबान, आणि परफ्यूमवाले ‘ऊद’ म्हणतात ते अगरूचं लाकूड. दुकानात हे आधी विचारून घ्या.)

म्हणजे हा वास आपल्याला परका नाहीच. देवघरात, गोंधळाच्या रात्री, कोठल्यात मोहरमच्या गर्दीत उदाचा धूर आपण लहानपणापासून नाकात घेतलाय. हळदीकुंकवाला मनगटावर लावलेलं अत्तरही ओळखीचंच. कन्नौजला मसाले आणि वनस्पती तांब्याच्या देगेत तापवून शमामा नावाचं अत्तर काढतात, ते तर आपलं देशी ‘वॉर्म स्पायसी’च. मग तीन-चार हजारांच्या बाटलीची नक्कल ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून सातशेला का घ्यायची? आत काय भरलंय ते कुणालाच माहीत नसतं. माझ्या मैत्रिणीच्या मानेवर आठवडाभर लाल चट्टे होते. अत्तरही डोळे झाकून घेऊ नका म्हणा. चंदनाचं तेल महागल्यापासून बऱ्याच अत्तरांचा बेस लिक्विड पॅराफिन असतो. दुकानदाराला सरळ विचारा, चांगला माणूस सांगतो.

घेताना घाई मात्र नको. बाटलीच्या तोंडाला नाक लावून काही कळत नाही. मनगटावर थेंबभर लावा, बाजारात चक्कर मारा, चहा प्या. पहिल्या दहा मिनिटांत येतो तो फक्त वरचा झणका. अंबर अर्ध्या-पाऊण तासानं आपला खरा चेहरा दाखवतं, आणि एकाच्या अंगावर गोड वाटलेलं दुसऱ्याच्या अंगावर औषधासारखं वाटू शकतं. एका फेरीत तीनपेक्षा जास्त वास घेतले की नाक संप पुकारतं. पसंत पडलं तर तीन मिलीची, म्हणजे पाव तोळ्याची कुपी पुरे.

आणि ऋतू बघा. उन्हात वास भराभर उडतो, म्हणून मेमधल्या एसटीत दोन फवारेसुद्धा सहासारखे वाटतात. हा वास नगरच्या थंडीचा. डिसेंबरात सकाळी सात वाजता कॉलेजला निघताना स्वेटरच्या आत, गळ्याशी एक बोट फिरवा. त्वचा कोरडी असेल तर आधी थोडं खोबरेल लावा, वास टिकतो. अभ्यासिकेत, दवाखान्यात, परीक्षेच्या हॉलमध्ये काहीच लावू नका. तिथं शेजारच्याला उठून जाता येत नसतं.

माझी ती मोठी बाटली अजून अर्धी भरलेली आहे. कपाटात ठेवलीये, थंडीची वाट बघत. शेवगावला परत जाईन तेव्हा मात्र अंगाला फक्त साबणाचा वास असेल. त्या मावशी भेटल्याच तर ओळखायच्या नाहीत.