‘बास’ कोणी म्हणायचं?

शारजात आमच्या इमारतीखाली एक छोटं कॅफेटेरिया आहे. ऑफिसमधून आलो की मी तिथे करक चहा घेतो. करक म्हणजे काय, हे अमिरातीत वाढलेल्या मुलांना सांगायची गरज नाही! त्या कॅफेटेरियाच्या भिंतीवर एक फोटो आहे. तुम्हीही तो कुठेतरी पाहिला असेल, टी-शर्टवर किंवा जिममध्ये. मुहम्मद अली उभा आहे, उजवा हात छातीपुढे दुमडलेला, तोंड उघडं. त्याच्या पायाशी एक माणूस उताणा पडलाय. तो फोटो २५ मे १९६५ चा आहे.

सगळे उभ्या माणसाकडे बघतात. मीही अनेक वर्षं तसंच बघत होतो. मग एकदा चहा यायला उशीर झाला आणि माझं लक्ष खाली पडलेल्या माणसाकडे गेलं. तो सनी लिस्टन. हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार मुष्टियोद्ध्यांचा गट, आणि लिस्टन त्या गटाचा जगज्जेता होता. १९६२ मध्ये त्याने फ्लॉइड पॅटरसनला पहिल्याच फेरीत पाडलं, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्याच फेरीत. त्याची लोकांना खरोखर भीती वाटायची. १९६४ मध्ये तरुण अली त्याच्यासमोर उभा राहणार म्हटल्यावर, या पोराचं काही खरं नाही, असं बहुतेकांना वाटलं होतं. पण जिंकला अली. लिस्टनला पुन्हा कधीच जगज्जेता होता आलं नाही, आणि १९७१ च्या जानेवारीत तो लास वेगासच्या घरात मृतावस्थेत सापडला.

अलीचं पुढे काय झालं, हे मात्र त्या फोटोत दिसत नाही. फोटोनंतर सतरा वर्षांनी, १९८२ च्या डिसेंबरमध्ये, हाच अली आपल्या अमिरातीत येऊन रिंगमध्ये उतरला होता. त्या प्रदर्शनीय लढती होत्या, म्हणजे हार-जीत न मोजता लोकांना दाखवण्यासाठी केलेल्या. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. त्याचं बोलणं जड व्हायला लागलं होतं. दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं जाहीर झालं. या आजारात हात थरथरतात, हालचाल मंद होते, आवाज खाली जातो.

आता लोक काय म्हणतात? “त्याला कुठे थांबावं हे कळलं नाही.” हे वाक्य मी ऑफिसात ऐकलंय, घरी ऐकलंय. मला ते पटत नाही. माझं मत असं की थांबायचं कधी हे खेळाडूला शेवटी कळतं, आणि कधी कधी कळतच नाही. ते आधी कळतं त्याच्या आजूबाजूच्या माणसांना. म्हणून प्रश्न त्यांना विचारायला हवा.

अलीच्या बाबतीत कोणाला काय कळलं होतं, ते बघा.

२९ सप्टेंबर १९७७. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि अर्नी शेव्हर्स यांची लढत झाली. शेव्हर्सचे ठोसे फार जोरदार असायचे. पंधरा फेऱ्या झाल्या, अली जिंकला, लोकांनी डोक्यावर घेतला. पण त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको घाबरले. अलीच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं तपासणीत दिसत होतं. पाचेकोंनी पुढे सांगितलं आहे की तो अहवाल त्यांनी अलीला, त्याच्या पत्नीला आणि त्याच्या मॅनेजरला पाठवला. कोणाचंच उत्तर आलं नाही. मग पाचेकोंनी अलीचं काम सोडलं. गार्डनमध्ये लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनीही सांगून टाकलं की अलीची लढत आम्ही आता इथे ठेवणार नाही.

म्हणजे १९७७ मध्येच दोन माणसांनी ‘बास’ म्हटलं होतं. अलीच्या लढतींमधून दोघांनाही फायदा होत होता, तरी म्हटलं. मला याचं फार कौतुक वाटतं.

बाकीचे? मी आयटीत आहे, दिवसभर सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर बंद पडायच्या आधी स्क्रीनवर लाल सूचना येतात. एक येते, दुसरी येते. पण सगळं चालू असतं, ग्राहक खूश असतो, म्हणून कोणीतरी वैतागून त्या सूचनाच बंद करून टाकतो. अलीभोवतीच्या लोकांनी तेच केलं, असं मला वाटतं.

१९७८ मध्ये अली आधी लिऑन स्पिंक्सकडून हरला, मग त्याच वर्षी स्पिंक्सला हरवून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. १९७९ मध्ये निवृत्तही झाला. तिथेच गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं! पण १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढत ठरली. लढतीआधी त्याला तपासणीसाठी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पाठवलं होतं. एका पायावर उड्या मारताना आणि बोट नाकाला लावताना त्याला थोडी अडचण येते, अशी नोंद त्या अहवालात होती. तरीही परवानगी मिळाली. अलीने वजन उतरवलं, पांढरे केस काळे केले. फोटोत तो पुन्हा तरुण दिसायला लागला.

होम्स पूर्वी अलीचाच सरावातला जोडीदार होता. २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये तो आपल्या गुरूसारख्या माणसाला मारत होता आणि मनातून रडवेला झाला होता. अली काहीच करत नव्हता, फक्त उभा होता. दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. अलीच्याच कोपऱ्यातला दुसरा माणूस अजून एक फेरी मागत होता! कोपरा म्हणजे रिंगमधली ती जागा, जिथे दोन फेऱ्यांच्या मधे खेळाडू स्टुलावर बसतो आणि त्याची माणसं त्याला पाणी देतात, जखम पुसतात. सगळ्या जगात फक्त तेवढीच माणसं त्याला त्या क्षणी हात लावू शकतात.

इतकं होऊनही वर्षभराने, ११ डिसेंबर १९८१ ला, बहामातल्या नसाऊ शहरात अली ट्रेव्हर बर्बिकशी लढला आणि दहा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. त्या लढतीची तयारी इतकी गबाळी होती की फेरीची घंटा म्हणून गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली. ती त्याची शेवटची अधिकृत लढत.

आता याच्या उलट उदाहरण सांगतो. १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अली आणि जो फ्रेझर चौदा फेऱ्या लढले होते, एकच उरली होती. फ्रेझरचे डोळे सुजून जवळजवळ बंद झाले होते. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठूच दिलं नाही. फ्रेझर नको नको म्हणत होता. फचनी ऐकलं नाही, सामना सोडून दिला. समोरच्या कोपऱ्यात अलीसुद्धा संपत आला होता, कदाचित पंधरावी फेरी फ्रेझर जिंकलाही असता. पण फचनी ते गणित मांडलं नाही.

आमच्याकडे अशा माणसाला वस्ताद म्हणतात. वस्ताद म्हणजे तालमीतला गुरू. तालीम म्हणजे कुस्ती शिकायची जागा. तिथे लाल माती असते, पहाटे जोर-बैठका असतात. कोणता पैलवान कोणाशी लढणार, कधी लढणार, हे जुन्या काळी वस्ताद ठरवायचे. त्यांनी ‘नाही’ म्हटलं की विषय संपला. बाप म्हणाला तरी चालायचं नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात वाढलो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. आमच्याकडे यात्रेला कुस्त्यांचं मैदान भरतं. मी सहावीत असताना तिथे एक कुस्ती पाहिली. आमच्या गावचे एक पैलवान होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. एके काळी आसपासच्या गावांत त्यांच्याशी जोड लावायला लोक तयार नसायचे. त्यांचे चेपलेले कान आम्ही पोरं लांबून बघायचो. त्या वर्षी आबा पंचेचाळीसच्या पुढे होते. एका गुडघ्याने लंगडायचे. त्यांचे वस्ताद वारले होते. यात्रेत कोणीतरी टूम काढली, की आबांची एक शेवटची कुस्ती होऊ द्या. इनाम जाहीर झालं. हलगी वाजायला लागली. आबांनी फेटा काढून बाजूला ठेवला, शड्डू ठोकला, आणि सगळं मैदान उभं राहिलं.

समोरचा पोरगा विशीतला होता. त्याने आबांना काही क्षणांत चितपट केलं. चितपट म्हणजे पाठ मातीला लावणं. आबा लगेच उठले नाहीत. पोरगा खाली वाकून त्यांच्या पाया पडला आणि तसाच वाकलेला राहिला, कारण त्याला वाटलं आबा आशीर्वाद द्यायला उठतील. माझ्या शेजारी आजोबा बसले होते. ते एक शब्द बोलले नाहीत, उठून घरी निघून गेले. मी मात्र शिट्टी मारली होती. कुस्ती सुरू होण्याआधी मारली होती, नंतर नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर नंतरही मारली होती.

मग दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, आबा, एक शेवटची. आणि आबा उतरायचे.

ही गोष्ट मी आमच्या शनिवारच्या ऑनलाइन वर्गात सांगितली. अजमानचा एक चौदा वर्षांचा विद्यार्थी म्हणाला, “दादा, पण त्यांना स्वतःला खेळायचं होतं ना? मग तुम्ही कोण अडवणार?”

प्रश्न चांगला होता. मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. अली लहान मुलगा नव्हता. कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसणारा तर मुळीच नव्हता. व्हिएतनामच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं, तीन वर्षांहून जास्त काळ त्याला खेळू दिलं नाही, तरी तो बदलला नाही. अशा माणसाला ‘घरी बस’ कोण सांगणार? आणि आजाराचं कारण मुष्टियुद्धच होतं का, यावर डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत. हे मला मान्य केलं पाहिजे.

माईक टायसनचंही उदाहरण त्या मुलाने दिलं. (आजकालच्या मुलांना सगळं माहीत असतं!) टायसन १९८६ मध्ये विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि तोही याच बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून. समोरचा माणूस घंटा वाजायच्या आधीच घाबरलेला दिसायचा, अशी त्याची दहशत होती. २००५ मध्ये केव्हिन मॅकब्राइड नावाच्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूसमोर तो स्टुलावरून उठलाच नाही आणि आता मन लागत नाही असं सांगून थांबला. मग २०२४ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पुन्हा उतरला. समोर सत्तावीस वर्षांचा जेक पॉल, मैदानात सत्तर हजारांहून जास्त लोक. टायसन गुणांवर हरला. “त्याला पैसे मिळाले, लोकांना मजा आली, कोणाचं काय बिघडलं?” असं त्या विद्यार्थ्याचं म्हणणं.

मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. निवड खेळाडूचीच असते, बरोबर. पण निवड करायला खरी माहिती लागते. ‘तू अजून पूर्वीसारखाच आहेस’ असं दहा माणसं रोज सांगत असतील आणि त्या दहाही जणांचं पोट त्याच्या लढतींवर चालत असेल, तर त्याला खरी माहिती मिळणार कुठून? आबांना तर पोट भरणारी माणसंही नव्हती. त्यांच्याभोवती नुसते आम्ही होतो, शिट्ट्या मारणारे. आम्हाला तर एक पैसाही मिळणार नव्हता.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, अमिरातीत अली कोणाशी लढला? जिमी एलिसशी. तो अलीच्याच गावचा, लुईव्हिलचा, लहानपणापासूनचा मित्र. एके काळी तोही जगज्जेता होता. १९८० मध्ये अली भारतात आला तेव्हाही तो बरोबर होता. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांमुळे पुढे एलिसची स्मृती गेली. २०१४ मध्ये तो वारला, अली २०१६ मध्ये. त्या डिसेंबरमध्ये इथे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणालाही यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

गेल्या आठवड्यात मला गावच्या यात्रा कमिटीचा व्हॉट्सॲप मेसेज आला. परदेशात राहणाऱ्या गावकऱ्यांकडून ते दरवर्षी वर्गणी मागतात आणि मी ती देतो. या वेळी खाली एक ओळ जास्त होती: ‘खास आकर्षण – जुन्या पैलवानांच्या कुस्त्या.’ मी विचारलं, त्यांची डॉक्टरी तपासणी करणार का? आणि डॉक्टर नको म्हणाले तर त्यांना मातीत उतरू देणार नाही ना? वर्गणी तयार आहे, तेवढं आधी कळवा.

दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.