सुट्या ट्यूबची निवड

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतून पहाटे निघून तिघऱ्याच्या जलाशयाकडे अथवा उरवाई दरवाजाच्या चढाने किल्ल्याकडे रुंद टायरांच्या सायकलींवर जाणारी तरुण मंडळी अलीकडे वारंवार दृष्टीस पडतात, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या पिशवीत एक सुटी ट्यूबही असते; परंतु ती कोणत्या मापाची, असे विचारले असता 'सव्वीसची' यापलीकडे तपशील सहसा मिळत नाही. या एका आकड्यावर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते, आणि आजचा हा मजकूर त्यासाठीच आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही धाडसी तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या अमेरिकन सायकली माउंट तामालपायसच्या उतारावरून पिटाळल्या, त्यातून पुढे डोंगरी सायकल निर्माण झाली, आणि त्या जुन्या सायकलींचे सव्वीस इंची चाक तिला वारशाने मिळाले. त्या चाकाच्या रिमवर टायर जेथे बसते तेथील व्यास ५५९ मिलिमीटर असतो. आपल्याकडील मुलींच्या सायकलींना वर्षानुवर्षे लागत आलेले '२६ × १ ३/८' हे टायरही सव्वीसचेच म्हणवते, मात्र त्याचा व्यास ५९० मिलिमीटर. हा ३१ मिलिमीटरांचा फरक परिघात जवळजवळ दहा सेंटीमीटर होतो, आणि त्या टायरची ट्यूब डोंगरी सायकलीच्या चाकात घातली तर ती जादा लांबी आत घडी होऊन बसते. शिवाय सुमारे ३७ मिलिमीटर रुंदीसाठी केलेली ही ट्यूब ५४ मिलिमीटरांच्या टायरात फुगवली म्हणजे तिचे रबर ताणून इतके विरळ होते की बाभळीचा लहानसा काटाही तिला पुरेसा ठरतो. म्हणून खरेदीपूर्वी टायरच्या कडेवर उठविलेला ५४-५५९ यासारखा जोडअंक वाचावा आणि ट्यूबच्या खोक्यावरील अंकांशी ताडून पाहावा: पहिला अंक रुंदीचा, दुसरा व्यासाचा. नव्या सायकलींना साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४ किंवा एकोणतीस इंची म्हणजे ६२२ मिलिमीटरांची चाके असतात. साडेसत्तावीसची ट्यूब एकोणतिसाच्या चाकात ताणून बसवून घर गाठता येते; तो प्रसंगापुरता उपाय होय, शिरस्ता नव्हे.

मापाइतकेच महत्त्व वॉल्व्हला आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या वॉल्व्हमध्ये रबराची नळी असते, हवा भरताना तिच्या विरोधाशी झगडावे लागते, आणि आतील दाब मोजणे जवळजवळ अशक्य होते. प्रेस्टा हा सडपातळ वॉल्व्ह गुणाने उत्तम, पण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्याला जुळणारा पंप असेलच याची खात्री कोणी द्यावी? मोटारसायकलीला असतो तोच श्रेडर वॉल्व्ह पेट्रोल पंपावरच्या हवेलाही चालतो, म्हणून या मुलखात माझा स्पष्ट कौल श्रेडरच्या बाजूने आहे. अर्थात रिमच्या छिद्राची खातरजमा प्रथम करावी. प्रेस्टासाठी पाडलेल्या साडेसहा मिलिमीटरांच्या छिद्रात श्रेडर शिरत नाही, आणि त्यासाठी रिम कोरून छिद्र वाढविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण अरुंद रिम त्याने दुर्बळ होते.

ग्वाल्हेरच्या आसमंतातील खरा शत्रू काटा आहे. बाभूळ, विलायती बाभूळ आणि जमिनीलगत पसरणारा सराटा यांनी येथील पायवाटा भरलेल्या असतात, आणि म्हणून जाड भिंतीची ट्यूब घ्यावी असे विक्रेते आग्रहाने सांगतात. ती टिकते हे खरे, परंतु वजनाने भारी असते आणि दुमडून पिशवीत ठेवली तर बरीच जागा अडवते. माझ्या मते चाकातील ट्यूबमध्ये छिद्र बुजविणारा द्रव घालावा, बरोबरची सुटी ट्यूब मात्र साध्या ब्यूटाइल रबराची, कोरडी आणि हलकी असावी. येथील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो आणि तो द्रव लवकर वाळतो, तेव्हा पावसाळ्याच्या आरंभी तो पुन्हा भरण्याची तजवीज ठेवावी. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोटे सावकाश फिरवून रुतलेला काटा शोधून काढल्याखेरीज नवी ट्यूब आत घालू नये, कारण जुना काटा नव्या ट्यूबचीही तीच गत करतो.

एका नगावर समाधान मानू नये. तिघऱ्याच्या वाटेवर दोन ट्यूब, ठिगळे आणि सोल्यूशन असा बंदोबस्त असावा. सुट्या ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड लावावी, पाना व इतर हत्यारांशी घासून तिला भोक पडू नये म्हणून जाड कापडात गुंडाळावी, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती विसरू नये, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी उलगडून, थोडी हवा भरून, रात्रभर तशीच ठेवून पाहावी. सकाळी ती सैल पडलेली दिसली तर तिच्यावर ठिगळ लावून ती घरच्या साठ्यात ठेवावी व पिशवीत दुसरी घ्यावी.

— चक्रधर